दिवसभर हात लागतो, पण कसा? घरच्या रुग्णसेवेतलं स्पर्शाचं तंत्र

अण्णांना पॅरालिसिसचा झटका आला. इस्पितळातून घरी आणलं त्या पहिल्या आठवड्यातल्या एका सकाळी मी सहज मोजायला लागलो. उठल्यापासून जेवणापर्यंत त्यांना कितीदा कुणाचा हात लागला? बीपीचा पट्टा बांधायला, कूस बदलायला, डायपर काढायला, नवा लावायला, तोंड पुसायला, गोळी जिभेवर ठेवायला, घसरलेली उशी वर ओढायला. मोजून २७ वेळा. त्यातला एकही हात नुसता त्यांच्यासाठी आलेला नव्हता. काहीतरी करायला आला आणि झाल्याबरोबर गेला. मग माझ्या लक्षात आलं की आमच्यापैकी कुणाचाही हात जवळ आला की ते धड असलेल्या उजव्या हाताची मूठ आवळतात. इतके दिवस आम्ही त्याला हट्टीपणा समजत होतो.

आमच्याकडे मोठ्या माणसांना हात लावायची एकच मान्यताप्राप्त जागा, पाय. तेही दसऱ्याला, दिवाळीला. ५१ वर्षांच्या आयुष्यात मी वडिलांच्या पाठीवर हात ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. आणि आता एकदम त्यांचं सगळं करायचं. कसं करायचं हे कुणी शिकवत नाही. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळा असतात, हात कसा लावायचा ते नसतं.

पुढच्या अडीच वर्षांत जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो. काही फिजिओथेरपिस्टने शिकवलं, काही रुग्णसेवक पुरवणाऱ्या ब्युरोमधून दिवसपाळीला येणाऱ्या मामांनी, बरंचसं माझ्याच चुकांनी. वेगळा वेळ काढायला मी सांगणार नाही, तो कुणाकडे नसतो. त्याच २७ हातांबद्दल बोलायचं आहे.

## स्पर्शाने काय होतं आणि काय होत नाही

याबद्दल बाजारात फार काही सांगितलं जातं, म्हणून आधी एवढं स्पष्ट करतो. हात फिरवल्याने मेंदूतली गुठळी विरघळत नाही, मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत, गोळ्या बंद करता येत नाहीत. भीती कमी होते, आवळलेलं अंग सैल पडतं, दुखणं काही वेळ सुसह्य होतं, बऱ्याच जणांना झोप बरी लागते. अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी हे थोडं नाही.

यामागे शरीराची एक रचना आहे. हाताची मागची बाजू, दंड, पाठ, पाय अशा लव असलेल्या त्वचेत वेगळ्या जातीचे बारीक मज्जातंतू असतात. पोत, दाब, नेमकी जागा सांगणारे तंतू निरोप झपाट्याने पोहोचवतात. हे मात्र संथ, सेकंदाला साधारण मीटरभर. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या, हलक्या, अंगाइतक्या उबदार हाताला ते सगळ्यात जास्त दाद देतात. आणि ज्या वेगाला ते जास्त जागे होतात तोच वेग माणसाला सुखाचा वाटतो, असं २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. आजी पाठीवरून हात फिरवायची तो वेग आठवून पाहा.

दुसरा प्रयोग २००६ सालचा, जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. १६ विवाहित स्त्रियांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवलं आणि विजेचा हलका झटका बसेल असं सांगितलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची धावपळ सगळ्यात कमी झाली. पण अनोळखी माणसाच्या हातानेही ती थोडी कमी झालीच. हा दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ब्युरोतून आलेल्या माणसाचा हातही रुग्णाला लागू पडतो, तो चांगला असला तर.

नवजात बाळांची गोष्ट वेगळी. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायची ‘कांगारू’ पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात सुरू झाली. आता जागतिक आरोग्य संघटनाही तिची शिफारस करते. तिथे स्पर्श हा उपचारच आहे, त्याने बाळं वाचतात. मोठ्यांच्या बाबतीत पुरावा इतका भक्कम नाही, तेव्हा दावेही बेताचेच करावेत.

आणि हात न लावता, अंगापासून चार बोटं वर धरून ‘ऊर्जा’ देणारे कुणी घरी येऊ म्हणाले, तर एमिली रोझा या अमेरिकन मुलीचा प्रयोग त्यांना सांगा. नऊ वर्षांची असताना तिने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अशा उपचारकांना पुठ्ठ्याच्या आडोशातून हात पुढे करायला लावलं आणि माझा हात तुमच्या कुठल्या हातावर धरलाय ते ओळखा म्हटलं. २१ जणांची उत्तरं बरोबर आली ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी बरं. १९९८ साली हा निष्कर्ष अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. आपण बोलतोय ते खऱ्या, लागणाऱ्या हाताबद्दल.

## पायरी १: आधी स्वतःचे हात

नखं कापा. आठवड्यातून एकदा नव्हे, दर तीन-चार दिवसांनी. अंगठी, घड्याळ, ब्रेसलेट काढून ठेवा. काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवा, लोंबणारं मंगळसूत्र पदराआड किंवा ओढणीखाली घ्या. म्हाताऱ्या माणसाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते. माझ्या अंगठीच्या खड्याने अण्णांच्या मनगटाजवळ इंचभर साल निघालं होतं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे थांबायला वेळ लागला. ती अंगठी तेव्हापासून कपाटात आहे.

साबणाने हात धुवायचे ते ४० ते ६० सेकंद. धुतले की ते गार होतात, म्हणून एकमेकांवर चोळून ऊब आणा. थंडीच्या दिवसांत मामा चहाचा कप दोन्ही तळहातांत धरून बसायचे. मला वाटायचं आळस करताहेत.

हातमोजे कधी? मल, मूत्र, रक्त, उलटी, उघडी जखम असेल तेव्हा जरूर. ते काम झालं की मोजे काढा, हात धुवा आणि पुढचं काम उघड्या हातांनी करा. दिवसभर मोजे चढवून वावरणाऱ्या माणसाबद्दल रुग्णाचा समज एकच होतो, की याला माझी किळस येते.

हे आपल्याकडे तरी नव्याने सांगायची गरज नसावी. महारोग्याच्या वाऱ्यालाही लोक उभे राहत नव्हते त्या काळात, १९४० च्या सुमारास, सेवाग्राम आश्रमात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत आणि त्यांना मालिश करत. बाबा आमट्यांच्या आनंदवनाची सुरुवातही तुळशीराम नावाच्या एका कुष्ठरोग्याला पाहून ते आधी घाबरून पळाले तिथून झाली. पळाले आणि परत आले. ‘स्पर्श’ या शब्दाला आपल्या समाजात ‘अस्पृश्य’ हा दुसरा शब्द जोडलेला आहे, तो विसरून या विषयावर लिहिता येत नाही. वडिलांचं सगळं करणाऱ्या मामांचा चहाचा कप आमच्याही घरात पहिले दोन महिने वेगळा ठेवला जात होता. ज्या हातांनी अण्णांना घास भरवलेला चालतो, त्या हातांनी आमच्या कपाटातला कप घेतलेला चालत नाही, हे आईच्या लक्षात आणून द्यायला मला दोन महिने लागले. माझ्या लक्षात यायलाच त्यातला दीड गेला होता.

## पायरी २: हात नंतर, आधी तोंड दाखवा

मागून, डोक्याकडून, झोपेत असताना एकदम हात लावू नका. समोरून या. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला, म्हणजे खुर्ची किंवा स्टूल घेऊन. उभ्याने वाकलेला माणूस पलंगावरून छताएवढा दिसतो; एकदा स्वतः आडवे होऊन पाहा. मग हाक मारा. रोज मारता तीच हाक, ‘आजोबा’ किंवा ‘पेशंट’ नव्हे. ऐकायचं यंत्र आणि चष्मा लावलेला आहे ना ते बघा. नसेल तर आपण मारलेली हाक आणि दाखवलेलं तोंड दोन्ही वाया.

झटक्यानंतर काहींना शरीराच्या एका बाजूचं भानच राहत नाही. उजव्या मेंदूला मार बसला तर बहुधा डाव्या बाजूचं. अण्णांच्या ताटातला डावीकडचा भात तसाच राहायचा. अशा माणसाला त्या बाजूने हात लावला की तो दचकतो, कारण त्याच्या लेखी तिकडे कुणी नसतंच. जवळ जाताना भान असलेल्या बाजूने जा. फिजिओथेरपिस्ट व्यायामासाठी मुद्दाम दुसऱ्या बाजूने यायला सांगतील, ते त्यांच्या सांगण्याप्रमाणे करा.

मग सांगा आणि थांबा. ‘अण्णा, कूस बदलूया, पाठीला हात लावू का?’ एवढं वाक्य. उत्तर येईपर्यंत मनात पाच अंक मोजा. आजारी मेंदूला वाक्य पोहोचायला वेळ लागतो. बोलता येत नसेल तर मान, पापणी, सैल पडलेला खांदा हेही उत्तरच. घाईत हीच पायरी पहिली गळते. आणि ती गळली की पुढचं सगळं बिनसतं, हा माझा अनुभव.

## पायरी ३: पहिला हात कुठे ठेवायचा

हाताच्या मागच्या बाजूवर, मनगट ते कोपर यांच्या मध्ये, किंवा खांद्याच्या बाहेरच्या बाजूला. चेहरा, डोकं, पोट, मांडी या जागा पहिल्या हाताच्या नाहीत. गाल ओढणं तर नाहीच. ८० वर्षांच्या माणसाचा गालगुच्चा घेणारे पाहुणे मी दारातूनच ‘झोपलेत’ सांगून परत पाठवलेत.

हात सपाट, पूर्ण पंजा टेकेल असा. बोटांच्या टोकांनी लावलेला हात चाचपल्यासारखा लागतो, किंवा गुदगुल्या होतात. आणि पकड नको. अंगठा बाकीच्या बोटांसमोर आला की पकड होते, म्हणून अंगठाही इतर बोटांच्या ओळीत ठेवा. मामांनी शिकवलेली ही बारकी युक्ती. माझ्या मते अख्ख्या लेखात एकच गोष्ट घ्यायची तर ही घ्या. पंजा टेकवला की दोन श्वास काही करू नका. त्यांचे श्वास, आपले नव्हेत.

विस्मरणाच्या आजारात थोडं वेगळं करावं लागतं. टीपा स्नो या अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्टने रुळवलेली पद्धत आम्ही पुढे आईसाठी वापरली. शेकहँडसारखा हात पुढे करायचा. त्यांनी धरला की आपला पंजा वळवून त्यांच्या पंजाखाली न्यायचा, अंगठ्यात अंगठा अडकवून. आता त्यांचा हात वर आणि आपला खाली. चमचा आपल्या बोटांत असतो, पण त्यांना वाटतं आपणच जेवतोय. दात घासायला, केस विंचरायला हेच. ओढाओढी जवळजवळ थांबते, कारण कोण कुणाला धरून आहे हा प्रश्नच राहत नाही.

## पायरी ४: वेग

वर सांगितलेला वेग घरी कसा मोजायचा? कोपरापासून मनगटापर्यंतचं अंतर साधारण २५ सेंटिमीटर. एवढं अंतर हाताने आठ-नऊ सेकंदांत कापायचं. पहिल्यांदा करून पाहाल तेव्हा हे विलक्षण सावकाश वाटेल. घाईतला माणूस तेच अंतर एका सेकंदात पुसून काढतो, टेबलावरची धूळ पुसावी तसं. दाब किती? त्वचा हाताबरोबर किंचित हलावी, पण तिला वळ्या पडू नयेत.

केसांच्या दिशेने, वरून खाली. परत वर जाताना हात उचलून न्या किंवा अगदी हलका ठेवा. आठ-दहा वेळा पुरे. त्याच जागी तेच तेच करत राहिलं की ते टोचायला लागतं.

थोपटणंही चांगलंच, पण त्याचा ताल बाळाला झोपवताना असतो तसा असावा. शाबासकीसारखं थापटणं नको.

काम झालं की हात एकदम काढू नका. थांबवा, दोन श्वास ठेवा, ‘झालं हं अण्णा’ म्हणा, मग उचला. डॉक्टर, नर्स, आपण सगळेच या शेवटाला उतावळे असतो.

## पायरी ५: रोजच्या कामांत हे कसं बसवायचं

अंग पुसणं. सगळे कपडे एकदम काढू नका. मोठ्या टॉवेलने किंवा चादरीने झाकून, जो भाग पुसायचा तेवढाच उघडा करा. पाण्यात आपलं कोपर बुडवून बघा. हाताच्या तळव्याला कामाची सवय असते, तो खोटं सांगतो, कोपर सांगत नाही. मधुमेह्याच्या पायाला चटका कळत नाही, तिथे तर हे दुप्पट जपून. पुसायला जुन्या धोतराचा किंवा धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याचा तुकडा उत्तम, कोरा टॉवेल ओरखडतो. हात-पाय लांब, अखंड पट्ट्यांत पुसायचे, ठिकठिकाणी टिपायचं नाही. कोरडं मात्र टिपूनच करायचं, चोळून नव्हे. क्रम नेहमी सारखाच ठेवा. पुढे काय होणार हे माहीत असलं की माणूस अंग आखडत नाही.

कूस बदलणं. साधारण दर दोन तासांनी. हाताने किंवा बगलेत धरून ओढायचं नाही, लुळ्या हाताला तर कधीच नाही. अण्णांना उठवताना मी डावा हात धरून ओढला होता. झटक्यानंतर खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, सांधा जागेवरून सरकू शकतो. फिजिओथेरपिस्टने तेव्हा मला सुनावलं ते रास्तच होतं. खांद्याच्या पात्यामागे एक पंजा, खुब्यामागे दुसरा, आणि ‘तीन म्हटलं की’ असं सांगून वळवायचं. खाली दुमडलेली चादर आडवी घातलेली असली तर दोघांनी तीच धरून सरकवायचं. एका अंगावर पूर्ण नव्वद अंशांत नको. पाठीमागे उशी देऊन ३० अंशांइतकं कलतं ठेवलं की खुब्याच्या हाडावर भार येत नाही.

डायपर. इथे लाज असते, दोन्हीकडे. खोलीतली बाकीची माणसं बाहेर, दार लोटलेलं, वरचं अंग झाकलेलं. एक हात कामात असताना दुसरा गुडघ्यावर किंवा खुब्यावर नुसता टेकलेला ठेवा. नाक मुरडायचं नाही, आणि त्या वेळी फोन तर घ्यायचाच नाही. सून आणि सासरे, मुलगी आणि वडील अशी जोडी असेल आणि कुणाला एकाला जरी अवघड होत असेल, तर एवढ्या कामापुरतं दुसरं माणूस शोधणं यात कर्तव्यात कसूर नाही. माझ्या बायकोने पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘मी त्यांचे पाय चेपीन, भरवीन, दाढी करीन, पण हे नाही.’ तिने ते सांगितलं म्हणूनच तिचा बाकीचा हात कधी जड झाला नाही.

दाढी. पुरुष रुग्णाच्या बाबतीत याच्याइतकं गुणकारी काही मला सापडलं नाही. कोमट पाण्याचं फडकं गालांवर मिनिटभर ठेवायचं, फेस ब्रशने गोल फिरवायचा, दुसऱ्या हाताने कातडी हलकी ताणून धरायची. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर ब्लेडऐवजी इलेक्ट्रिक शेव्हर. सगळं झाल्यावर आरसा द्यायचा. झटका आल्यापासून अण्णा पहिल्यांदा हसले ते आरशात. बायकांसाठी वेणी-फणी तशीच: तेलाचं बोट, विंचरणं, सैल वेणी. आंबाडा नको, उशीला टोचतो.

## रात्रीची दहा मिनिटं

तेलाचं आपल्याकडे फार आहे. तीळतेल चांगलं की खोबरेल, या वादात मी पडत नाही. अंगाला चालतं, वास आवडतो ते घ्या. थंडीत वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, आणि ओतायचं आधी आपल्या तळहातावर, त्यांच्या अंगावर थेट नाही.

हातापासून सुरुवात. त्यांच्या कोपराखाली उशी द्या. पंजा आपल्या दोन्ही हातांत घ्या, एक वर एक खाली, आणि थांबा. मग आपल्या अंगठ्यांनी तळहाताच्या मध्यापासून कडेकडे, पुस्तकाची पानं उघडावीत तसं. एकेक बोट मुळापासून टोकापर्यंत, पिळायचं नाही, ओढायचं नाही, बोटं मोडायची तर नाहीच. झटक्यानंतर मूठ घट्ट वळलेली असेल तर बोटं टोकाकडून उलगडू नका. मनगट थोडं आत वाकवलं की बोटं आपोआप सैल होतात, मग अंगठ्याच्या मुळाकडून हळूहळू उघडा. या हाताला तीन मिनिटं, त्या हाताला तीन.

उरलेली चार पायांना. तळव्यावर पंजा सपाट, टाचेपासून बोटांकडे. काशाच्या वाटीने तूप लावून तळवे घासायची पद्धत ज्यांना लहानपणापासून माहीत आहे त्यांना ती फार आवडते. पायाला बधिरपणा किंवा जखम असेल तर वाटी नको, हातच बरा. मधुमेह असेल तर बोटांच्या बेचक्यात तेल ठेवायचं नाही, ओल राहून बुरशी धरते. आणि चालता-फिरता माणूस असेल तर तेल नीट पुसून पायात मोजे घाला. तेलकट तळव्यांनी रात्री बाथरूमला निघालेला म्हातारा माणूस म्हणजे खुब्याच्या फ्रॅक्चरला आमंत्रण.

## जिथे हात थांबवायचा

हा भाग वाचून सोडून देऊ नका.

एक पोटरी दुसरीपेक्षा सुजलेली, गरम, लाल किंवा दुखरी वाटली तर तिला चोळायचं नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर. सोबत दम लागत असेल, छातीत दुखत असेल तर त्या क्षणी इस्पितळ.

माकडहाड, टाचा, खुबा, घोटे इथे लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघा. दाब काढल्यावरही लालच राहिला, पांढरा पडला नाही, तर ती बेडसोअरची सुरुवात समजायची. गव्हाळ-सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे शेजारच्या त्वचेपेक्षा गरम, कडक किंवा दबदबीत लागतंय का ते पाहा. त्या जागेला मालिश करायचं नाही. जुन्या पिढीतल्या आयाबाया तिथे स्पिरिट लावून चोळायच्या. त्याने आतली कातडी आणखी फाटते. भार काढायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं.

नागीण झालेल्या किंवा होऊन गेलेल्या जागी हलका हातही आगीसारखा लागू शकतो. कॅन्सरच्या गाठीवर, किरणोपचार चालू असलेल्या भागावर हात नको. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूचा हात सुजला असेल तर तो जोराने रगडायचा नाही, त्याची मालिश वेगळी असते आणि ती शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यायची. प्लेटलेट्स कमी असतील तर नुसता पंजा टेकवणं, तेवढंच. ताप असेल तेव्हा नको; मोडलेलं हाड, सलाइनची सुई, कॅथेटरची नळी या जागा सोडून. घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर नाकातोंडाजवळ तेल किंवा व्हॅसलीन नको, ऑक्सिजनशी तेलकट पदार्थ पेट घेऊ शकतात.

## ‘नको’ म्हणाले तर

नको म्हणजे नको. हात काढायचा, बाजूला बसायचं. सगळ्यांनाच स्पर्श आवडत नाही, काहींच्या वाट्याला आयुष्यात वाईट स्पर्श आलेला असतो आणि तो कुणाला सांगितलेला नसतो. तोंडाने ‘चालेल’ म्हणणाऱ्याचंही अंग काय म्हणतंय ते बघा: कपाळाला आठी, श्वास रोखलेला, पायाची बोटं आखडलेली, मान दुसरीकडे. अण्णांची ती मूठ. आम्ही ती वाचायला शिकलो तेव्हा पहिल्या महिन्यात अर्धी कामं पंधरा मिनिटं पुढे ढकलावी लागली. आभाळ कोसळलं नाही.

मधले मार्ग असतात. चादरीवरून पायावर हात. एकाच टॉवेलचं एक टोक त्यांच्या हातात, एक आपल्या. गोधडी अंगाभोवती खोचून देणं. नातवाला शेजारी बसवणं. त्याला कुठे हात ठेवायचा ते सांगावं लागत नाही. शेजारच्या आजी यायच्या, अण्णांच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायच्या. ते अण्णांनी कधी नाकारलं नाही. आमचा शास्त्रशुद्ध पंजा मात्र नाकारायचे.

विस्मरणात कधीकधी रुग्ण स्पर्शाचा भलता अर्थ घेतो, कामाच्या बाईचा हात धरून सोडत नाही, नको तिथे हात नेतो. तो आजाराचा भाग असतो, पण तिने सोसायचं असा त्याचा अर्थ नाही. त्यांच्या हातात लगेच काहीतरी द्या, घडी घालायला रुमाल किंवा कप. जागा बदला, आवाज न चढवता ‘हे नको’ म्हणा, आणि त्या कामासाठी माणूस बदला. तिची तक्रार हसण्यावारी नेऊ नका.

## हात लावणाऱ्याचं काय

पलंग आपल्या कंबरेच्या उंचीला नसेल तर त्याच्या पायांखाली लाकडी ठोकळे द्या, फक्त ते हलत नाहीत हे तपासून. कंबरेतून वाकू नका, गुडघ्यातून वाका. रागाने हात शिवशिवत असेल तेव्हा हात लावूच नका. तशी वेळ माझ्यावर आली आहे, रात्री तीन वाजता, चौथ्यांदा ओली झालेली चादर बदलताना. रुग्णाला सुरक्षित ठेवून गॅलरीत जा, तोंडावर पाणी मारा, पाच मिनिटांनी या. आणि घरातल्या कुणाला तरी सांगा की माझेही खांदे दाबून दे. सेवा करणाऱ्याला दिवसभरात कुणाचाच हात लागत नाही, हे कुणी मोजत नाही.

## शेवटचे दिवस

मुंबईत वांद्र्याला १९८६ साली शांती अवेदना सदन सुरू झालं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण. पुढे पुण्यातही अशी सोय झाली. शक्य असेल तर अशा ठिकाणच्या माणसांशी आधीच बोलून ठेवा, अगदी शेवटी धावाधाव करण्यापेक्षा. त्या दिवसांत हात-पाय गार पडतात, निळसर जाळी उमटते. ते चोळून गरम करायचा प्रयत्न करू नका, रक्तच तिकडे जाणं कमी झालेलं असतं. हलकं पांघरूण पुरे. हात धरायचा तो खालून: आपला तळहात वर आणि त्यावर त्यांचा पंजा, म्हणजे त्यांना काढून घ्यावासा वाटला तर काढता येतो. फिरवणं, चेपणं थांबवा. ओठ ओल्या कापसाने टिपा. बोलत राहा, नेहमीच्या आवाजात, कालवणात मीठ जास्त झालं हेही चालतं.

अण्णांचा हात शेवटच्या रात्री माझ्या तळहातावर होता. मूठ उघडी होती.

सकाळी अंघोळ घालायची वेळ झाली तेव्हा काकांनी बंबातलं कढत पाणी बादलीत काढून ठेवलं होतं. मी कोपर बुडवलं. ‘आता त्यांना काय कळणार आहे,’ काका म्हणाले. मी दोन तांबे गार पाणी मिसळलं आणि परत कोपर बुडवलं.